सतरा दीस

पहिल्या दिवशी कुळें स्टेशनावर
फार मोठं असं काही झालं नाही.
बाबांनी कंदील पुसून खुंटीला टांगला
आणि सांध्याच्या दांड्याला हात लावला नाही, एवढंच.
सकाळची गाडी फलाटाला उभी राहिली ती राहिलीच.
इंजिन हळूहळू गार झालं,
वाढलेलं ताट
कुणी जेवायला येत नाही म्हणून होतं तसं.

तळवारकाकांनी पाण्याच्या टाकीवर
चुन्याने लिहिलं: पगार वाढवा.
खाली कुणा उतारूने, विटेच्या तुकड्याने:
आमची गाडी सोडा.
आम्ही पोरं दोन्ही ओळी
एकाच चालीत म्हणत हुंदडायचो.

लोंढ्याहून आलेलं एक जोडपं
तीन रात्री वेटिंग रूममध्ये होतं.
बाईच्या मांडीवर तापलेलं मूल,
माणसाच्या खिशात वास्कोच्या डॉक्टरची चिठ्ठी,
चिठ्ठीवरची तारीख उलटून गेलेली.
"गाडी कधी?" त्याने बाबांना विचारलं.
बाबांना सगळ्या गाड्या तोंडपाठ, मालगाड्यासुद्धा.
ते म्हणाले, "पाणी उकळून आणतो."
चौथ्या दिवशी खनिजाच्या ट्रकात बसून ती तिघं गेली.
पुढचं आम्हाला कळलं नाही.
बाबा नंतर कित्येक वर्षं
जेवताना मध्येच थांबायचे आणि म्हणायचे,
कळायला हवं होतं.

पियाद मात्र यायची.
गाडी असताना खारीवाड्याचं नुस्तं घेऊन
दहाच्या आत पोचायची, बर्फासकट.
आता सावर्ड्यापर्यंत ट्रक, पुढे रुळांवरून पायी.
स्लीपरांचं अंतर तिच्या पावलाला जमायचं नाही,
एक घेतला तर तोकडं, दोन घेतले तर लांब.
पोचेपर्यंत तीन. बांगड्यांचे डोळे लाल,
टोपलीतून पाणी थेट पाठीवर.
फलाटावर गाडी नाही म्हणून गिऱ्हाईक नाही,
कॉलनीत पगार नाही म्हणून पैसा नाही.
"तुमचो संप, म्हजें नुस्तें कुसलें,"
असं ओरडत ती आमच्याच दारात टोपली आदळायची.
आई सोलं जास्त घालायची, वास मारायला,
आणि चुलीवरच्या भिंतीवर
कोळशाने एक रेघ ओढायची.

बाबा बाहेर येत नसत. आतून ऐकत.
एकदाच म्हणाले,
"तिला सांग, वाढ मिळाली की सगळे फेडतो."
पियादने पदराने मान पुसली.
"तुका वाड मेळटली. म्हाका?
नुस्त्याक युनियन ना."

रात्री क्वार्टरांची वीज तोडली.
तळवारकाकांना लुंगीवरच उचलून नेलं,
त्यांच्या चपला दारात आठवडाभर होत्या,
कुणी सरळही केल्या नाहीत.

अठराव्या दिवशी शिट्टी झाली.
वाढ आली नाही.
तळवारकाका आले नाहीत.
बाबांची सर्व्हिस मोडली, म्हणजे
एकेचाळिसाव्या वर्षी कागदावर ते नवे लागले,
सुरुवातीच्या पगारावर.

आईने रेघा मोजून तीन हप्त्यांत पैसे दिले.
पियादने थुंकी लावून नोटा मोजल्या, कमरेला खोवल्या,
उठली नाही.
"हे नुस्त्याचे. आनी म्हजे सतरा दीस?"

त्या संध्याकाळपासून
तिची रिकामी टोपली डब्यात बाबाच चढवायचे.
युनिफॉर्मच्या खांद्यावर खवले चिकटायचे,
आई कुरकुरत नखाने काढायची.
पियादने एकदाही देव बरें करूं म्हटलं नाही.
दारात पाय सोडून बसायची,
गाडी हलली की मान वळवून विचारायची,
"आनी ते सतरा दीस, पॉइंट्समन?"

आणि बाबा, हातात हिरवा कंदील,
चाकांच्या आवाजावर आवाज काढून,
"मांडून ठेव."