सामुद्रधुनी

दाभोळच्या वाचनालयाबाहेर फळ्यावर लिहिलं होतं
'आंतरराष्ट्रीय तज्ञ यांचे व्याख्यान'.
एक ज गळला होता.
चिटणीस विद्वांस (आडनावापुरतेच, असं तेच म्हणाले)
खडू घेऊन धावले. मी म्हटलं, राहू द्या,
तेवीस वर्षं या धंद्यात आहे,
एखादा ज कमी पडतोच.

सोळा माणसं. त्यातली दोन पंख्यासाठी आलेली.
मी भिंतीवर नकाशा टाकला, लाल ठिपका होर्मुझवर ठेवला
आणि दिल्लीत बोलते तशी बोलले:
प्रतिरोध, हितसंबंध, वाढता तणाव.
ठिपका थरथरत होता.
तो माझा हात होता, आखात नव्हे.

साहेबांनी याला मध्यपूर्व म्हटलं, मी सांगितलं,
आपण पश्चिम आशिया म्हणतो,
उभं कुठे राहतो त्यावर दिशा ठरते.
हे वाक्य मी सगळीकडे वापरते. माना डोलतात.
तिसऱ्या रांगेतून एक बाई म्हणाल्या,
"आम्ही समोर म्हणतो."

समोर?

"सासरे समोर होते. दीर समोर. आता मुलगा समोर."
आणि खिडकीतून हात केला:
जेट्टी, फेरीबोट, अंजनवेलचं टोक,
मग कितीतरी वेळ काहीच नाही,
आणि मग समोर.

रुकैया सारंग. मुलगा टँकरवर, इंजिनखोलीत.
चहाच्या वेळी त्यांनी पिशवीतून वही काढली,
दुधाच्या हिशेबाची, उलटी करून वापरलेली.
तारीख. आवाज कसा होता. जेवला का.
आणि शेवटचा रकाना, नुसता 'दिवे'.
"त्या गल्लीत शिरले की डेकवरचे दिवे मालवतात.
तो सांगत नाय. म्हणतो, अम्मी, आज लवकर झोपतो.
लवकर झोपतो म्हणजे दिवे."

मी पानं मागे उलटत गेले.
मार्चात चार वेळा लवकर झोपला, एप्रिलात नऊ.
त्याच एप्रिलच्या अहवालात मी लिहिलं होतं
'परिस्थिती निवळत असल्याची चिन्हे'.
चिन्हे, अनेकवचनी.
मला त्यातलं एकही आठवेना.

युद्ध होईल का, असं त्यांनी विचारलं नाही.
(सगळे विचारतात. रिक्षावाला, माझी धाकटी जाऊ, चॅनेलवाले
तर उत्तर लिहूनच आणतात.)
त्यांना फक्त रुंदी हवी होती.
जायला दोन मैल, मी म्हटलं, यायला दोन मैल,
मधे दोन मैल मोकळे.
"मोकळे कुणासाठी?"

मी चहा प्यायले. गार होता.
विद्वांस मदतीला आले, निदान तसं त्यांना वाटलं:
सामुद्रधुनीतली धुनी कुठली हो, साधूची का?
कोशात बघावं लागेल, मी म्हटलं.
कोश कपाटात होता,
पण धु-चं पान वाळवीने आधीच वाचलेलं.

रात्री लॉजवर, मच्छरदाणीत बसून
नव्या अहवालाला तळटीप जोडली:
रु. सारंग, दुधाची वही, दाभोळ.
संपादक सज्जन माणूस आहे, त्याने दोन ओळींत कळवलं,
स्रोत पडताळता येत नाही.
मी उत्तर लिहायला घेतलं,
धोपाव्याहून फेरी मिळते, या आणि पडताळा.
मग तेही खोडलं. माझं प्रमोशन अडलेलं आहे.

अहवाल छापून आला, बत्तीस पानं,
त्यात तणाव आठ वेळा, दिवे शून्य.
एक प्रत वाचनालयाला पाठवली.
तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं, विद्वांसांचं, बारीक अक्षरात:
प्रत पोचली. नोंद केली.
चिपळूणच्या कोशात धुनी सापडली, म्हणजे नदी.
तज्ज्ञ आता दोन ज देऊन लिहितो.
सारंगबाई विचारत होत्या,
त्या मधल्या दोन मैलांचं काय झालं?