बारीक कडं

वरचा खटका, दोन ते बारा.
प्रत्येक घराला एक टक्‌,
अधेमधे थांबता येत नाही.
खालचा गुळगुळीत, त्याला घरंच नाहीत.
आणि हे मागचं बारीक कडं,
मुकादम म्हणाले,
घाईच्या माणसाचं नाही.

मत्र्याच्या गल्लीत ऑगस्टची तिन्हीसांज.
काचेला घाम.
अशा दमट हवेत
पलीकडचं अलीकडे येतं म्हणे.

त्यांनी माझी बोटं कड्यावर ठेवली.
केसभर. आणखी केसभर.
मुंग्या. इराणी बाई, अर्धी. मुंग्या.
मग मुंग्यांतून कुणीतरी
भातावरच्या तुडतुड्याला काय फवारायचं
ते मराठीत सांगू लागलं.

"हात काढू नकोस," मुकादम पुटपुटले.
"काढलास की जाईल."

चहा गार झाला.
मी तसाच वाकलेला.
खलफान सेट घेऊन गेला तेव्हा
तीन रियाल मागायचे राहिले.