वाऱ्याचा नेम

डॉक्टर विचारतो, आजी, आधी कुठला डोळा करायचा?
डावा, मी म्हणते.
उजव्याला राहू दे अजून थोडा धुक्यात.

आमच्या वोलोग्दात मुली
सहाव्या वर्षी लेस विणायला बसतात.
समोर भुसा भरलेली गच्च उशी, उशीवर टाचण्यांचं रान,
बोटांत लाकडी दांड्यांच्या जोड्या खुळखुळत.
भरतीच्या कागदावर, काय येतं, या रकान्यात
मी तेवढंच लिहिलं.
सार्जंट येरोफेयेव हसला नाही.
माझी बोटं उलटीसुलटी करून बघितली
आणि मला दुर्बिणीच्या बंदुकीपुढे बसवलं.

तो सांगायचा,
चाप ओढायचा नसतो. दलदलीतलं पिकलं फळ
देठापासून जसं आपसूक सुटतं, तसा सुटू द्यायचा.
श्वास अर्धा सोड. उरलेल्या अर्ध्यात राहायला शीक.
वाऱ्याचा काही नेम नसतो, अग्निया,
म्हणून तुझा नेम आधी वाऱ्यावर,
मग माणसावर.

डोळ्यात तेल घालून बघावं म्हणतात.
आमच्या डोळ्यांत पाणी गोठायचं.
तोंडात बर्फ धरायचा, वाफ दिसू नये म्हणून,
दाढा ठणकायच्या, जीभ लाकूड व्हायची.
पहाटे चारपासून काळोख पडेतो पोटावर.
लघवी लागली तर तिथंच:
घटकाभर ऊब, मग पँटचा पत्रा.
पदकावर हे कोरत नाहीत.

एका जागेवरून दुसरी गोळी झाडायची नाही
हा नियम लुकेर्यानं एकदाच मोडला.
तिचा चमचा अजून माझ्याकडे आहे.

दुरून मारणं सोपं, असं पुढे एका शाळेत
एका शिक्षकानं मुलांना सांगितलं, माझ्यादेखत.
दुरून डोंगर साजरे असतील, बाबा.
काच माणसाला साडेतीनपट जवळ आणते.
दाढी करताना कुठं कापलं, तेही दिसतं.

पंचेचाळीसचा जानेवारी. मासुरियातलं एक गोठलेलं तळं.
पलीकडे तो, मशीनगनवाला.
त्यानं आदल्या रात्री आमचे सातजण
बर्फावर झोपवले होते, त्यातला एक सकाळपर्यंत हाका मारत होता.
तेव्हा दया वगैरे नव्हती, हे आधी सांगते.

दुपारी तो खंदकाच्या कडेला सरकला
आणि हातमोजा शिवायला बसला.
टाके इतके वाईट!
एक लांब, एक आखूड, दोरा सैल, कापड चुरगळलेलं.
माझी बोटं चापाजवळ शिवशिवली,
अरे, उलटा घे, आतून घे,
मनातच म्हटलं, तोंडात बर्फ होता.
शिट्टी न वाजवता ओठ तसे करून
तो शिवत राहिला, मी बघत राहिले.
मारता आलं असतं. वारा पडला होता.
अर्धवट काम मला बघवत नाही, लहानपणापासून.

त्यानं गाठ मारली. दातांनी दोरा तोडला.
मोजा घालून मूठ मिटली, उघडली.
बसला होता बरोबर.

मग.

वहीत लिहिलं: अंतर तीनशे दहा,
वारा डावीकडून, मंद.
टाक्यांसाठी रकाना नव्हता.

नंतर लग्न झालं, दोन मुलगे झाले.
नवरा पकडलेले मासे मोजायचा मोठ्यानं,
माझा आकडा त्यानं कधी विचारला नाही,
आणि मी त्याला बटण लावून दिलं की
दोरा तसाच लोंबत सोडायचे. तो चिडायचा.
लेस अजून विणते. लोक लांबून येतात नेण्यासाठी.
शेवटची गाठ आली की भिंतीवर थाप मारते,
शेजारची फाइना येते कात्री घेऊन, बडबडत,
आणि तोडून देते.

दिव्याकडे बघा, डॉक्टर म्हणतो, अजिबात हलू नका.
मी हलत नाही.
बराच वेळ जातो. त्याचंच पेन खाली पडतं.
आजी, तो म्हणतो,
आजी, श्वास घ्या.

खिडकीबाहेर बर्चच्या शेंड्याला
वारा उजवीकडून, मंद.