योद्धा चार, जादूगार एक

डुलुथमध्ये उणे वीस. लोरीनच्या तळघरात
हीटर खोकतो, टेबलावर फासे.
आर्विड म्हणतो, या वेळी योद्ध्याची पायरी नको,
ब्रुनाला एक जादूची दे.

लोरीन पुस्तक उघडत नाही, तिला नियम पाठ आहेत:
पाचवीला दुसरा वार मिळाला असता,
तो आता लांबला.
आणि जीव वाढवायला दहा बाजूंचा नाही,
हा घे, सहाचा फासा.

"तलवार विसरेल का ती?"
"छे. तेवढा काळ पुढे शिकणार नाही, इतकंच."

टकर हसतो: धड ना इकडची, धड ना तिकडची.

आर्विड हसत नाही.
कागदगिरणी बंद पडली तेव्हा तो सत्तेचाळीसचा होता.
आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला
एकोणीस वर्षांच्या पोरींशेजारी बसून
नाडी शोधायला शिकतो, चुकतो.
काल एका म्हातारीला पलंगावरून उचललं मात्र,
ते शिकवावं लागलं नाही कुणाला;
गठ्ठे उचललेले हात ते.

पेन्सिलीने खोडतो, लिहितो,
फासा टाकतो.
एक.

लोरीन म्हणते, असू दे. मंत्र कोणता?
तो बराच वेळ यादी वाचत राहतो.
"उजेडाचा," म्हणतो,
"खाली भुयार आहे ना."