दहा हजार सात

डॉनकास्टरच्या गोदामात माझा नंबर दहा हजार सात.
गळ्यातल्या कार्डावर, फोटोखाली,
नावापेक्षा ठळक.

पहिल्याच रात्री सवयीनं बेरीज केली:
एक, तीन शून्यं, सात. आठ.
तीनचा भाग जात नाही, मग नऊचा कुठून जाणार.
शेवटी सात, म्हणून दोन आणि पाच दारातूनच परत.

बेलसरे बाई म्हणायच्या, भागत बसू नका,
आधी संख्येचा चेहरा वाचा.
इथे मी खोक्यांचे वाचते.
चाळीस हजार सातशे सोळा: बेरीज अठरा,
नऊचं पोर, जा बाबा,
पट्ट्यावरून पुढे.

अकरासाठी एकाआड एक अंक वेगळे मांडायचे,
फरक शून्य, नाहीतर अकराच्या पाढ्यातला हवा.
माझ्यात आठ.
सातची कसोटी परीक्षेला नव्हती.
बाईंनी ती घंटा झाल्यावर सांगितली,
निम्मा वर्ग डबे उघडत असताना:
शेवटच्या अंकाची दुप्पट, उरलेल्यातून वजा, पुन्हा तेच.
हजारातून चौदा. नऊशे शहाऐंशी.
अठ्ठ्याण्णवातून बारा.
शहाऐंशी. छे.

तेराला काहीतरी होतं, विसरले.
मग सरळ भागाकार, रात्रीला एक,
तीनच्या सुट्टीत, चहाच्या कागदी कपावर.
सतरा. एकोणीस. तेवीस.
क्लिफर्ड विचारतो, लॉटरीचा आकडा काढतेस का?
लागला तर निम्मं माझं.
म्हटलं, याचं निम्मं होत नाही.
तो बिस्कीट मोडतो. कधीच मधोमध मोडत नाही,
आणि मोठा तुकडा कसा कोण जाणे माझ्याकडे येतो.

शंभराच्या पुढे जायची गरज नाही, हेही बाईंचंच.
शंभर शंभरे दहा हजार,
वरच्या सातासाठी एकशे एकला कोण उठवणार?

काल सत्त्याण्णव. शेवटची.
बाहेर ट्रकांच्या टपांवर बर्फ चढत होता.
एकशे तीन वेळा गेली, आणि रेघ मारणार
तेवढ्यात फोन.
कोपरगावात सकाळचे साडेआठ,
आईच्या मागे गिरणीचा पट्टा फडफडत होता.
भागतं का गं तुझं तिकडे?
मी कप फिरवून पाहिला.
नाही म्हटलं असतं तर
तिनं दिवसभर कुणाच्या ज्वारीत कुणाचे गहू ओतले असते.
भागतं, म्हटलं.
आणि बाकी?
सोळा.

पट्टा बंद केल्याचं ऐकू आलं.
सोळा काय गं,
रुपये का पौंड?