एका भोकाइतकी चूक

घाटंजीच्या बसस्टँडामागं, पंक्चरवाल्याला लागून
ढवस मिस्त्रीचं गॅरेज: चार पत्रे, एक व्हाइस,
आणि जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळलेलं व्हर्नियर,
जे तो कुणाच्या हाती देत नसे.
मला दिलं. माझं फिटरचं सर्टिफिकेट पाहून नव्हे,
त्या दिवशी दुसरं कुणी कामावर आलंच नव्हतं म्हणून.

शालिक आत्रामची राजदूत.
मागं प्लास्टिकच्या बादल्या, घागरी, टोपल्या,
पारवा, शिबला, मधल्या साऱ्या वाड्या-पोडांचे खड्डे,
आणि इंजिनाला फ्रेमशी धरून ठेवणारी पट्टी मोडलेली.
तसली यवतमाळात मिळेना, नागपुरात मिळेना.
"बनव," मिस्त्री म्हणाला
आणि चहाला गेला.

या भोकाच्या आतल्या काठापासून
त्या भोकाच्या आतल्या काठापर्यंत
मी जबडे उघडले: पन्नास. वर काही नाही, खाली काही नाही.
केवढा आनंद झाला त्या गोल आकड्याचा!
पंच मारला, ड्रिल मारलं,
पहिला बोल्ट सरळ आत.
दुसरा लोखंडाला नाक लावून
उभाच राहिला.

मिस्त्री रागावला नाही.
कानावरची बिडी काढली, पाहिली, परत ठेवली.
"बोल्टाचा मध कुठं असते, बाई?"
भोकाच्या मधोमध. म्हणजे जिथं लोखंडच नाही तिथं.
कोणत्याही जबड्यात न सापडणारी जागा,
आणि सगळं इंजिन मात्र तिच्याच भरवशावर.
"मंग काठापासून काठ मोजला, त त्यात काय टाकशीन?"
इकडचं अर्धं, तिकडचं अर्धं.
एक आख्खं भोक मी हिशोबातून गाळलं होतं,
रिकामं होतं म्हणून.

पन्नास आणि आठ. अठ्ठावन्न, मी म्हटलं.
"थांब."
त्यानं मोडकी पट्टी उजेडात धरली.
एक भोक आतल्या अंगानं झिजून
वालाच्या दाण्यासारखं लांबोळं झालेलं.
"भोक आता जिथं हाय, थे नोको मोजू.
पयले जिथं होतं, थे मोज."

होतं ते कसं मोजतात?
पट्टीला विचारण्यात अर्थ नव्हता,
बारा वर्षं थरथरून ती स्वतःच विसरलेली.
मग इंजिनाच्या कानांत
दोन सारख्या पिना उभ्या केल्या, डुगडुगणार नाहीत अशा,
बाहेरून बाहेर मोजलं, एक पिन वजा केली.
अठ्ठावन्न पूर्णांक सहा.
तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा श्वास धरून.

नवी पट्टी कापायची ती उन्हात पडलेली,
मे महिना, हात लावला की फोड.
"आधी माठाखाली थंडी होऊ दे. तापलं लोखंड खोटं बोलते."
रात्री घरी मी हिशोब केला:
फुगून फुगून ती व्हर्नियरच्या एका रेघेलाही
पुरली नसती.
मिस्त्रीला सांगितलं नाही.
अजूनही सावलीत ठेवते.

संध्याकाळी दुसरा बोल्ट गेला. पान्यानं नाही, बोटानं.
शालिकनं किक मारली, मान कलती केली, ऐकलं,
म्हणाला, "मांडी झिनझिन नाही करत आता,"
आणि पैशातले तीस कमी देऊन
एक लाल बादली ठेवून गेला.

पन्नासची पट्टी मिस्त्रीनं फेकली नाही.
चुकलेल्या भोकात तार ओवून
दारात टांगली.
चौदाच्या पान्यानं एक ठोका: समोरून एक चहा.
दोन ठोके: दोन, त्यातला एक बिनसाखरेचा.

मिस्त्री आता वणीला, लेकीकडे.
हात सवयीनं कधी कधी दोन ठोके मारतो.
पोरगा दोन कप घेऊन येतो,
इकडे तिकडे पाहतो.
ठेव म्हणते.
बिनसाखरेचा आधी संपवते.