दुसरी कापणी

त्या ऑगस्टात दुसऱ्या कापणीचं गवत
आपण ओलसरच बांधलं.
आभाळ भरून आलेलं, ट्रॅक्टर शेजाऱ्याचा,
अंधाराआधी परत द्यायचा होता.
तू म्हणालास, माळ्यावर वाळेल.
मीही म्हणाले, वाळेल.

एवढंच. बाकी सगळं नंतरचं.

जानेवारीत गठ्ठे फोडले की
पिठासारखी पांढरी धूळ उठायची,
बल्बच्या उजेडात तरंगत राहायची,
आणि तू त्यात उभा, हातात दाताळं,
बेचाळीस गायींना वाटून घालत.
दारं घट्ट ओढलेली. बाहेर उणे अठरा,
नळ गोठले असते.

पाचला वैरण, अकराला ताप.
मधले सहा तास कोण मोजतो?
आपण फ्लू म्हणालो, तीन हिवाळे फ्लूच म्हणालो.
तुझी आई सांगायची, तुझ्या बापालाही असंच व्हायचं,
मे महिन्यात गायी कुरणावर गेल्या
की आपोआप उतार पडायचा.
तुमच्या घराण्याचं नाक आणि तुमच्या घराण्याचा खोकला
ती एकाच कौतुकानं सांगायची.

बेझाँसोंच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सिगारेट?
कधीच नाही, तू म्हणालास, जरा ताठ बसून.
मग त्यांनी विचारलं, गवत?
तू हसलास.
त्यांना वाटलं, तुला प्रश्न कळला नाही.

फुंका, फुंका, अजून, अजून थोडं.
कागदावरची रेघ चढली
आणि मध्येच बसली,
चढावर आपली म्हातारी कुत्री बसते तशी.

मूठभर गवत त्यांनी पिशवीत मागवलं.
आन्सेल्म, तू वरचं घेतलंस,
हिरवं, सुगंधी, पाहुण्यांना दाखवण्याजोगं.
मी रात्री उठून ते काढलं
आणि तळाचं भरलं.
हे तुला आज सांगते आहे.

पत्र आलं. बुरशीचं नाव
आपल्या कुठल्याही गायीच्या नावापेक्षा लांब.

मुरघास घालायचा नाही, चीज सोसायटीचा नियम.
वाळवणीचं यंत्र घ्यायचं तर नऊ गायी विकायच्या.
राहिला मुखवटा. तो लावून तू आत गेलास
तर पेर्व्हाँश मागे सरली, साखळी ताणून,
ओळख न पटल्यासारखी.
तू मुखवटा खिळ्याला टांगलास.
एवढ्यासाठी?
एवढ्यासाठीच, तू म्हणालास.

आता वैरण मी घालते, आणि जावई, लोईक.
तू स्वयंपाकघराच्या खिडकीशी,
नाकाशी नळी, पायाशी घरघरणारं यंत्र.
कोट मी बाहेरच उतरवते, केस धुते,
मगच तुझ्याजवळ येते.
तू विचारतोस, वास कसा आहे आज?
मी सांगते: सुकलेल्या लवंगी फुलासारखा,
थोडा चहाच्या डब्यासारखा.
खोटं असलं की तुला कळतं.
परवा मी बोलता बोलता खोकले.
तू यंत्राचा आवाज कमी करता येतो का
ते बघत राहिलास.

पुन्हा ऑगस्ट. दुसरी कापणी पडली आहे,
ढग पश्चिमेकडून.
लोईक ट्रॅक्टरवर बसून घराकडे पाहतो.
तू खिडकीतून तळहात दाखवतोस: थांब.

पाऊस आला.
अर्धं कुरण काळं पडेल आता.
तू काचेपलीकडे आणि मी अंगणात,
भिजत.
कुणी धावलं नाही.